लोक बघतात ती उडी

आई, मला भीती वाटते. तू होतीस तोवर हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. गाडीवर बसणाऱ्याने असं बोलायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं. आता मी गाडीवर बसत नाही. दुसऱ्यांच्या मुलांना बसवतो, आणि त्याचा मला पगार मिळतो. टायर बनवणाऱ्या एका कंपनीच्या रेसिंग टीमचा मी मॅनेजर आहे. शर्यती त्याच, मोटारसायकलींच्या, मातीच्या ट्रॅकवरच्या, उंचवट्यांवरून उड्या मारायच्या, ज्यांना तू 'तुमची धुळवड' म्हणायचीस.

तुझी ड्यूटी हाडांच्या वॉर्डात, प्लास्टर रूममध्ये. दिवसभर मोडलेले हातपाय बघून घरी यायचीस आणि रविवारी पुन्हा माझ्या शर्यतीला यायचीस. एकदा कॉलेजातली मुलं दोरीपलीकडून माझ्या नावाने ओरडत होती, म्हणून मी हवेत असताना हँडलवरचा एक हात सोडला. शर्यतीत मागे पडलो, पण फोटो पेपरात आला. शेजारचे काका पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. तू पोळ्या लाटते आहेस. पेपर हातात घेत नाहीस, लांबूनच बघतेस आणि म्हणतेस, "छान आलाय फोटो. एक्स-रेसुद्धा छान येतात." काका हसले, मी पाय आपटत बाहेर गेलो. पुढच्याच आठवड्यात तू पाठीला बांधायचा पट्टा आणलास, हॉस्पिटलात पट्टे शिवणाऱ्याकडून माझ्या मापाचा करून घेतलेला. खुर्चीवर ठेवलास आणि भाजी निवडायला बसलीस.

यंदा आमच्या ज्युनिअर टीममध्ये एकच जागा होती आणि मुलं दोन. एक मांजरी गावची मुलगी. उसाच्या कडेला वडिलांनी ट्रॅक्टरने मातीचे ढीग घालून दिले, त्यावर शिकलेली. शर्यतीत उतरली की पहिल्या तिनांत असतेच. बोलायला लाजरी, आणि मोबाइलवर तिचा एक धड व्हिडिओ सापडायचा नाही. दुसरा विश्रांतवाडीचा मुलगा, तिच्याच वयाचा. त्याच्या उड्या लाखो लोक मोबाइलवर बघतात. वडील शूटिंग करतात, गाणं लावतात, टाकतात. पण शर्यत लावली की निम्म्या वेळा तो शेवटापर्यंत पोचतच नाही. मी मुलीचं नाव दिलं. मार्केटिंगचे साहेब माझ्याहून पुष्कळ लहान आहेत. ते म्हणाले, "सर, रिझल्ट कोण लक्षात ठेवतं हो? पोडियमचा फोटो लोक संध्याकाळपर्यंत विसरतात. ह्याचे रील्स बघत जेवतात."

"त्याला अजून शर्यत पुरी करता येत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही कशाला आहात? शिकवा की."

करार मुलाशी झाला. आठवड्याला अमुक इतके व्हिडिओ टाकायचे, हेही त्यात होतं. मी त्याच्यावर राग धरायच्या तयारीने गेलो होतो, पण मुलगा गोड निघाला. आल्या आल्या वाकून नमस्कार करायचा, सांगितलेलं ऐकायचा. कात्रजच्या पलीकडे आमचं सरावाचं मैदान आहे. तिथली सगळ्यात मोठी उडी म्हणजे दोन उंचवटे आणि मधला खड्डा एका झेपेत ओलांडायचा. झेप कमी पडली तर पुढचं चाक समोरच्या मातीवर भिंतीवर आदळावं तसं आदळतं. ही उडी इतक्यात मारायची नाही, असं मी त्याला बजावलं होतं. "हो सर," म्हणाला होता.

त्या सकाळी मी टँकरवाल्याला ट्रॅकवर पाणी कुठे मारायचं ते दाखवत होतो. मागे इंजिनाचा आवाज चढला. मी वळलो तेव्हा तो हवेत होता. झेप कमी पडणार हे मला तिथूनच दिसलं, आणि ओरडून काही उपयोग नव्हता. मग तो आवाज. मी धावलो. त्याचे वडील उंचवट्याच्या टोकाशी मोबाइल धरून उभे. निर्दयपणा नव्हता गं तो, त्यांचा हात खाली येतच नव्हता. मी "हलवू नका, हेल्मेट काढू नका" असं ओरडत त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, "बाळा, पायाची बोटं हलव." बूट हलेना. आई, तेवढ्या वेळात मी काय काय बघितलं ते लिहवत नाही. मग उजवा बूट जरासा हलला, मग डावा.

गळ्यापाशी हाड मोडलं होतं, आणि डोक्याला मार. हॉस्पिटलात वडील चहाला गेले तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, मला मारायचीच नव्हती ती. पण आदल्या दिवशी टाकलं होतं ना, उद्या मारणार म्हणून. सगळे विचारत होते, कधी, कधी. मला आत्ता पण डोळे मिटले की खड्डा दिसतो." आणि रडायला लागला. मी त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवून बसून राहिलो. त्याच आठवड्यात पडल्याचा व्हिडिओ टाकला गेला, आणि आधीच्या कुठल्याही उडीपेक्षा तो जास्त लोकांनी पाहिला. साहेबांचा फोन आला. "कधी उभा राहतोय? त्याच उडीवर कमबॅक करू. भारी होईल."

मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. मुलगा आत झोपला होता. त्याची आई चहा टाकत होती; माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, "अहो, खरं सांगा. तुमचा मुलगा असता तर पाठवला असता?"

"नाही," मी म्हणालो. "वर्षभर तरी नाही. आणि मोबाइलसमोर तर नाहीच."

वडील दारात उभे होते. "पण तोवर लोक विसरतील हो त्याला," ते म्हणाले.

तिने गॅस बंद केला. "विसरू देत."

मी कंपनीत जाऊन सांगितलं की ह्या मुलाला मी गाडीवर बसवणार नाही, हवं तर दुसरा मॅनेजर बघा. नोकरी जाणार असं धरून चाललो होतो. पण करार त्या घरानेच मोडला आणि जागा मांजरीच्या मुलीला मिळाली. साहेब एवढंच म्हणाले, "ठीक आहे, पण हिचं अकाउंट तेवढं उघडून घ्या."

मला वाटलं, आता झोप लागेल. ही खरी शर्यतीची पोर, हिला उड्या कळतात. पण पहिल्या दिवशी तिचे वडील तिला सोडायला आले, मैदान बघून घेतलं, आणि म्हणाले, "पोरगी तुमच्या हवाली हाय, सर." बस्स. त्या रात्रीही झोप लागली नाही. ती त्या मुलापेक्षा कितीतरी जोरात जाते. पडली तर तेवढ्याच जोरात पडेल. तिचे सगळे रिझल्ट एकावर एक रचले तरी ते तिच्या मानेखाली उशीसारखे येणार नाहीत. तू कशी उभी राहायचीस गं दोरीपाशी? मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस, आणि आता हे पत्र लिहून मी पाठवणार कुठे? इथेच राहील.

गेल्या रविवारी तिची आमच्याकडून पहिली शर्यत झाली. ती पहिली आली. हेल्मेट काढून धावत माझ्याकडे आली, तोंडभर माती, आणि विचारलं, "सर, मोठी उडी कशी बसली?" मी म्हणालो, "झकास." आई, मी ती पाहिलीच नाही. दर फेरीला ती त्या उंचवट्याशी आली की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.