व्यक्ती, म्हणजे ती

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चष्म्याच्या दुकानात नवीन यंत्र आलं आणि डोळे तपासायला आता अर्धाच वेळ लागतो, हे वाचून बरं वाटलं. उरलेला अर्धा वेळ तू गिऱ्हाइकांचं डोकं खाण्यात घालवत असशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्रच बरं. इथे निदान पान संपेपर्यंत माझी पाळी असते.

इकडे डोक्याला एक ताप झालाय. हॉस्पिटलांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर करतो, त्याचं मॅन्युअल माझं, हे तुला माहीत आहे. तूच ते वाचून पोट धरून हसली होतीस. बाकीच्यांची मॅन्युअलं लोक उघडत नाहीत, माझं एकमेकांना वाचून दाखवतात. तर कुठल्याशा हॉस्पिटलातून निनावी तक्रार आली आहे. म्हणे या पुस्तकात चूक करणारी दर वेळी 'ती' का, आणि येऊन निस्तरणारा दर वेळी 'तो' का? पासवर्ड विसरते ती, भलतंच बटण दाबते ती, रडकुंडीला येते ती. शेजारी पानांचे आकडे. कुणी रिकामटेकडी बसून हे शोधत होती, देव जाणे.

साहेबांनी मीटिंग घेतली. यापुढे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं माणूस बाई की पुरुष, ते कळता कामा नये. मी म्हटलं, साहेब, आपल्या भाषेत खुर्चीसुद्धा बाई आहे आणि पंखा पुरुष, त्यांचं काय करू? सगळे हसले, पण हुकूम राहिलाच. दुरुस्ती होईपर्यंत पहिल्या पानावरचं माझं नावही काढलं. ते मात्र मला लागलं.

तुझी वहिनी ठीक. हॉस्पिटलच्या नोंदणी काउंटरवर बसते आणि संध्याकाळी कपाळाला बाम चोळत येते. आमचंच सॉफ्टवेअर आहे तिथे, पण मॅन्युअल उघडून बघायची तिची छाती होईलसं वाटत नाही. चिमणी पोहायला जाते. अजून नाक धरूनच पाण्यात उतरते.

आहे तेवढा लोभ राहू दे, वाढवायची तसदी नको.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत, काउंटरच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. माझ्या फोनचा आणि मेलचा पासवर्ड ह्यांनीच घालून दिलाय आणि अधूनमधून हे उघडून बघतात. म्हणून उत्तर हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवा.

ह्यांनी तुम्हाला त्या तक्रारीचं लिहिलं असेलच. ती मी केली.

इथे रुजू झाले त्या दिवशी प्रत्येकीच्या हातात ते पुस्तक दिलं. शेजारची मोठ्यानं वाचू लागली. "समजा, तिने सेव्ह न करताच खिडकी बंद केली. आता ती पडद्याच्या मागे वाकून पाहते, पान तिकडे पडलं की काय." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग एकदम लक्षात आलं, वाकून मी पाहिलं होतं. चिमणी पाळण्यात असताना एका नोकरीचा अर्ज टाइप केला होता आणि तो सगळा गेला. हे चहाचा कप घेऊन दारात उभे होते. मला वाटलं होतं, ते दोघांतच राहील.

पुढची पानं उलटत गेले. मनगटावर पेनानं पासवर्ड लिहिणारी मी. कॉम्प्युटरला सॉरी म्हणणारी मी. बोट उचलायला घाबरून नुसतीच बसून राहणारीही मीच. ह्यांनी एकही उदाहरण मनानं रचलेलं नाही.

तक्रारीत माझं स्वतःचं काही लिहिलं नाही. काउंटरवर आम्ही सगळ्या बायकाच आहोत, नवीन आलेली मुलगी याच पुस्तकावरून शिकते, आणि चुका कुणाच्या खात्यावर आहेत ते तिला पहिल्याच दिवशी कळतं, एवढंच लिहिलं. पानं शोधायला इथल्या दोघींनी मदत केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी धड केल्यासारखं वाटलं, म्हणून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. एकट्या तुम्हाला सांगतेय. ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, हात जोडून सांगते.

तुमची माया आहे म्हणून इतकं लिहिलं. ती तशीच असू द्या.

तुमची,
वहिनी


२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. खुर्ची-पंख्यावर इतकी हसले की समोरच्या काकांच्या नाकावर भलताच चष्मा बसवला. तोही त्यांना आवडला, घेऊन गेले.

माझ्या घरमालकाने पुन्हा जिन्यातला दिवा काढून नेलाय. भाचीला सांग, नाक सोड, पाणी आत शिरलं तरी काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं. तुझी रिकामटेकडी सापडली. लांब शोधायला जाऊ नकोस, ती रोज सकाळी तुझा डबा भरते! वहिनीने तुला सांगू नको म्हणून मला बजावलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला आजवर कळू नये, यात माझा काय दोष? एका छताखाली राहून तुम्ही दोघं हॉस्पिटल आणि कंपनीच्या मार्फत भांडताय, या कल्पनेनेच मला हसू आवरेना. तिच्यावर डाफरू नकोस हं. बाहेर जेवायला ने, जेवता जेवता हळूच सांग की कळलंय, आणि तिचं तोंड कसं होतं ते मला सविस्तर लिही.

रागावला असशील तर माझ्यावर रागाव, पण पत्र लवकर टाक.

तुझी,
धाकटी


१९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कामात होतो. तू कळवलंस ते फार बरं केलंस. घरी मी एका शब्दानं बोललो नाही. ओरडलो असतो तर तिला मोकळं वाटलं असतं. उलट गोडीगुलाबीनं वागलो. तिलाच विचारायचो, हे वाक्य बाईमाणसाला कसं वाटेल? ती बिचारी मन लावून सांगायची.

आणि मग तोडगा सापडला. व्यक्ती! बाई नाही, पुरुष नाही, व्यक्ती. पण आपल्या भाषेत ती व्यक्ती असते, तो व्यक्ती कधी ऐकलास? आता वाच. "एखादी व्यक्ती सेव्ह न करताच खिडकी बंद करते. मग ती पडद्याच्या मागे वाकून पाहते." नियम पाळला गेला आणि चित्र जसंच्या तसं राहिलं. जिथे काम बरोबर होतं, तिथे मी व्यक्ती हा शब्दच वापरला नाही. तिथे "ॲडमिन येतात आणि दुरुस्त करतात". तक्रार कशी नोंदवावी यावर एक नवीन प्रकरणही घातलं. त्यातली व्यक्ती स्वतःचं नाव लिहायला विसरते. तपासणाऱ्या कमिटीत दोन बायका होत्या. दोघींनी सह्या केल्या आणि किती सहज लिहिलंत म्हणाल्या. माझं नाव पहिल्या पानावर परत आलं. आता इतर मॅन्युअलं लिहिणाऱ्यांना माझं पुस्तक नमुना म्हणून देणार आहेत.

खरी मजा पुढे. नव्या पुस्तकाचं ट्रेनिंग द्यायला हॉस्पिटलांत कोण जाईल, असं साहेबांनी विचारलं. मी हात वर केला. तिचं हॉस्पिटल पहिलं घेतलं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, केसबिस नीट विंचरून. ते पान मी मोठ्यानं वाचलं आणि वाकून पाहण्याची नक्कलही करून दाखवली. हॉल हसून हसून लाल झाला. तिला एक शंका होती, तिचं निरसन केलं.

घरी चिमणीलाही सगळं करून दाखवलं. ती गादीवर लोळली. आता आईला व्यक्तीच म्हणते. काल बाथरूममधून ओरडत होती, व्यक्ती, माझा टॉवेल कुठाय? पोरगी माझ्यावर गेली आहे.

तुझा डोळ्यांचा धंदा चालू दे आणि भावावरची नजर अशीच राहू दे.

तुझा,
दादा


२८ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्याने जरा जास्तच केलं, हे मी त्यालाही लिहिणार आहे. माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं गं. मला वाटलं, तुम्ही दोघं हसाल आणि विषय संपेल.

तो पहिल्यापासून असाच आहे. शाळेत असताना मी अंथरूण ओलं करते म्हणून त्याने माझ्या वर्गात येऊन सांगितलं होतं. वर नक्कलही केली. मी काय केलं? सगळ्यांच्या आधी मीच हसले. मी हसले म्हणून सुटले. तूही हसायला शिक. मनाला लावून घेतलंस की त्याला चेव येतो. आणि चिमणी लहान आहे, दोन दिवसांत विसरेल.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे चार दिवस ये. तुझ्या डोळ्यांना नंबर लागलाय का तेही बघू.

राग गिळून टाक आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१७ मे

वन्सं,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी आता हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहते. एक खोली आहे, एक्स-रे काढणाऱ्या बाईंबरोबर. त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नसतो, त्यामुळे बरं चाललंय.

हॉलमध्ये काय झालं ते तुम्हाला ह्यांनी अर्धंच लिहिलेलं दिसतं. हसणं थांबल्यावर मी उभी राहिले आणि विचारलं, हे कुणावरून लिहिलंय? ह्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "बाई, यात कुणीच नाही. भाषा तटस्थ आहे." मग पुढचा प्रश्न कुणाचा, असं विचारलं. माझ्या मागे कुणीतरी हात वर केला.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर सगळ्या मला व्यक्ती म्हणायला लागल्या. सुरुवात, मला पानं शोधून देणाऱ्या दोघींतल्या एकीने केली. मला वाटतं, आपण माझ्याबरोबर होतो हे कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून केली असेल. एक पेशंट काल पावती घेताना म्हणाले, थँक्यू व्यक्तीताई. त्यांना वाटलं, माझं नावच तसं आहे.

निघाले त्या दिवशी चिमणीला विचारलं, येतेस का माझ्याबरोबर? तिने विचारलं, तिथे इंटरनेट आहे का? नाही म्हटलं. मग राहू दे, म्हणाली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागली. हे दारात उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहेस, तेवढं विचारलं. मी दाखवली.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही हसलात म्हणून सुटलात. तसं नाही झालं, वन्सं. तुमच्या जागी पुढे कुणीतरी यावं लागलं, मग तुम्ही सुटलात. मी आले, तेव्हा तुम्ही माझ्या बाजूला किती हौसेनं बसायचात, ते आता आठवतं. मला वाटायचं, एक मैत्रीण मिळाली. माझं लग्न झाल्यावर ह्यांनी तुमची नक्कल कधी केलेली मी पाहिली नाही.

तुमच्यावर राग नाही, असं लिहिण्याची रीत आहे. मला आहे. ह्यांच्यावर आहे त्याहून जास्त आहे, कारण ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

चार दिवस यायला जमणार नाही. यापुढे तुमचं पत्र आलं तर मी ते उघडणार नाही. चिमणीबद्दल काही कळवायचं असेल तर पाकिटावर बाहेरच लिहा. तेवढं वाचीन आणि पाकीट परत पाठवीन.

लोभ होता.

वहिनी