वेटोळ्यातली खोट

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या मला आत्ताच आपल्या वाटायला लागल्या आहेत, आणि अजून पिशव्यासुद्धा उघडलेल्या नाहीत. श्रवणयंत्रं दुरुस्त करायचं आमचं दुकान बंद पडलं, तेव्हा ताईनेच तिच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांना केसाहून बारीक तारा जोडणारा हात हवा होता. तसा हात माझा आहे, उगीच विनय कशाला?

ताईचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी पूर्व म्हटलं की ती पश्चिम म्हणणार. आई म्हणायची, या दोघींना एक खाट हलवायला सांगितली तर खाटेचे दोन तुकडे होतील. आज मात्र खिडकीखाली मी झोपते म्हटलं, तर बरं म्हणाली. तुझं कपाट मला दे म्हटलं, तरी बरं. दमली असेल बिचारी.

५ मार्च

काम झकास आहे. नखाएवढी, गंजलेल्या रंगाची एक चकती. बिस्मथ, लोखंड आणि प्राणवायू, बस. तिच्या दोन्ही अंगांना सोन्याची तार चांदीच्या लेपाने चिकटवायची, सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून. शिंक आली की दिवस फुकट.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सगळं नीट समजावलं. चुंबकाची दिशा बदलायची तर एरवी दुसरं मोठं चुंबक आणावं लागतं. या चकतीला नुसते व्होल्ट लावायचे. विजेने तिच्या आतलं सगळं एका बाजूला कलतं आणि त्यापाठोपाठ तिचं चुंबकत्वही कूस बदलतं. व्होल्ट काढून घेतले तरी कललेलं ते कललेलंच राहतं. उलटवायचं तर उलटे व्होल्ट लावा. पडद्यावर त्याचं वेटोळं उमटतं. वेटोळं जितकं भरदार आणि गुळगुळीत, तितकी चकती आज्ञाधारक, असं सर म्हणाले. मी म्हटलं, माझ्या आईला अशा दोन चकत्या हव्या होत्या. सर हसले. त्यांच्या मागोमाग बाकीचे सातही हसले, ताईसुद्धा, आणि सगळे एकदमच थांबले.

८ मार्च

इथे रोज दहाला भट्टीच्या खोलीत ‘बैठक’ असते. चकती तापवायची आणि व्होल्ट लावून ठेवूनच सावकाश थंड करायची, म्हणजे आतलं सगळं एका रांगेत येतं. त्याला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ आठही जण भिंतीकडेला खुर्च्या टाकून बसतात. का, म्हणून भट्टीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, बरं वाटतं. नव्या माणसाला पहिला आठवडा सूट असते.

आज दाराच्या काचेतून डोकावले. सरांनी बटण फिरवलं आणि आठही माना डावीकडे वळल्या. सावकाश, सगळ्या सारख्याच वेगाने.

दुपारी काका म्हणाले, गार वाजतंय. सगळ्यांनी री ओढली, गार वाजतंय. मी घाम पुसत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं, उकडतंय! सगळे माझ्याकडे बघून गोड हसले. नंदीबैलांचा कळप परवडला, त्यांचं निदान तोंड तरी एका बाजूला नसतं.

११ मार्च

आज ताईला मुद्दाम डिवचलं. म्हटलं, आईचा जीव माझ्यावर जास्त होता, तुझ्यावर नव्हताच. तिने पूर्वी असल्या बोलण्यावर लाटणं फेकून मारलंय, माझ्या भुवईवर खूण आहे. ताई म्हणाली, खरंय तुझं. आणि माझ्या ताटात वाढलं.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. मला माझी भांडकुदळ ताई परत हवी आहे. बाकी आठवड्याचा पगार, सोन्याच्या तारा, सगळं गेलं खड्ड्यात. तिच्या तोंडून एक ‘नाही’ ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

१२ मार्च

पहिली बैठक. नववी खुर्ची माझी. व्होल्ट चढले तसं मानेत काहीतरी मऊ मऊ व्हायला लागलं. दुखत नाही. तेच वाईट आहे, दुखत नाही. आपणही एकदाचं हो म्हणून टाकावं, मग कसलीच काळजी उरणार नाही, असं वाटतं. मी जीभ चावली आणि समोरच्या दाराच्या कडीवर डोळे रोवून बसले. मान वळू दिली नाही.

पडद्यावर वेटोळ्याला एक खाच पडली होती. आजवर कधी पडली नव्हती म्हणे. म्हणजे चकती आम्हाला ओढते तसं आम्हीही चकतीला ओढतो! आठ माणसांच्या ताकदीने नव्हे, एकटीने खाच पाडली मी. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण मला घरी येईपर्यंत हसू येत होतं.

१३ मार्च

सरांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, चांगल्या स्फटिकात एखादी खोट असते, ती स्वतः वळत नाही आणि शेजारच्यांनाही अडवून धरते. जास्त तापवलं की खोट निघून जाते. उद्या तुम्ही भट्टीला लागून बसा.

घरी येऊन ताईला म्हटलं, रात्रीच्या गाडीने निघू, आत्ता, चपला घाल. सरांना विचारून सांगते, म्हणाली. माझ्यादेखत फोन लावला. मग चपला काढून ठेवल्या, माझ्यासुद्धा.

पळून मी एकटी जाऊ शकते. जाणार नाही. खोट म्हणता ना? बघाच आता.

१४ मार्च, सकाळी ९.२०

भट्टीच्या खोलीत आहे. सरांच्या खुर्चीत. चकती तापतेय. उजवा हात बटणावर, डाव्याने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

९.५०

सगळे आले. मला कुणी उठवलं नाही. बैठकीची वेळ म्हणून आपापल्या खुर्चीत बसले. सरसुद्धा, नवव्या खुर्चीत —

१०.०५

उलटे व्होल्ट लावले. उणे चाळीस. आठ माना उजवीकडे आल्या. उजवीकडे मी आहे.

ताईला म्हटलं, मला वेडी म्हण. वेडी, म्हणाली. आठही जण म्हणाले. भट्टीवाले काका डोळ्यांत प्राण आणून माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघतायत —

हे नको. आता ते माझं ऐकतायत, एवढाच फरक. मला हे नको!

१०.१२

दुकानातले चिमटे. चुंबकत्व लागलेले चिमटे आम्ही असेच साफ करायचो — इकडून तिकडे, तिकडून इकडे, दर खेपेला थोडं कमी. शून्यापर्यंत. मग आतला प्रत्येक कण आपल्या वाटेने.

मध्येच थांबायचं नाही. थांबलं तर जो तो तिथेच गोठणार. मीसुद्धा.

अधिक तीस. उणे पंचवीस.

माना जातायत, येतायत. माझीही. या वेळी आवरली नाही —

१०.१९

अधिक वीस. उणे पंधरा.

सर म्हणाले, थांबवा. हात खरंच थांबला. माझा हात! चावले त्याला. चालू झाला.

उणे बारा —

ताई उठली. म्हणाली, “नाही. बंद कर ते. अगं शहाणे, आयुष्यात एक काम धड केलंयस का?”

ताई! माझी ताई! रडू आणि हसू एकदमच —

मग काका म्हणाले, अगं शहाणे, आयुष्यात एक काम धड केलंयस का. मग सर. मग सगळे. तिच्याच चालीत —

म्हणजे तो नकार तिचा नव्हता. नसेना. मी थांबत नाही.

अधिक आठ. उणे पाच

मान माझी नाही राहिली. हात आहे. हात पुरे.

सगळे म्हणतायत थांब. एका सुरात. थांब थांब थांब

अधिक तीन

एक आवाज मागे पडला. बेसूर. ताईचा —

ती थांब म्हणत नाहीये. ती ओरडतेय, थांबू न