माझ्या नावावर तीन बॅगा

३ मार्च

ती. अक्कास,
धाकटीचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. शेकत जा आणि जिन्याच्या खेपा कमी कर. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, पण वॉर्डात तीस वर्षं हेड सिस्टर म्हणून काढली, सांगायची सवय जात नाही. फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी ‘बॅग’ म्हटलं आणि तू ‘वाघ’ ऐकलंस, मग अर्धा तास वाघ कुठून आला हेच चाललं होतं. तेव्हा पत्रच बरं.

तर वाघ नव्हे, बॅग.

चौदा तारखेला मी ठमीकडे निघते आहे, तीन आठवड्यांसाठी. तिकीट तिनेच काढून पाठवलं. मला वाटलं, चला, लग्नाला सहा वर्षं झाली, लेकीला आईची आठवण झाली. नेहमीसारखी यादी येईल म्हणून वाट बघत बसले. तुला माहीतच आहे तिच्या याद्या, हे आण, ते आण, डबा घट्ट लाव. या वेळी यादी नाही. म्हणाली, “आई, काही आणू नकोस. नुसती तू ये.”

हे ऐकून एखादीचे डोळे भरून आले असते. माझे भरले नाहीत. मी तिकिटाचा कागद घेऊन आमच्या इमारतीखालच्या तिकीटवाल्याकडे गेले.

त्याने चष्मा वर केला, कागद उलटासुलटा केला आणि हसायला लागला. “बाई, लोक जाताना भरून नेतात आणि येताना रिकामे येतात. तुमचं उलटं आहे.” म्हणजे काय, तर जाताना मला फक्त हातातली एक छोटी बॅग, सात किलोची. आणि येताना दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. शिवाय तिसरी एक आधीच पैसे भरून घेऊन ठेवलेली! मी म्हटलं, “म्हणजे एकूण एकोणसत्तर किलो, कसेही भरा?” तर नाही. त्याने मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. प्रत्येक बॅगेचं वजन वेगळं बघतात. एक वीस आणि दुसरी सव्वीस, असं चालत नाही. तेवीसच्या वर गेलं की जादा पैसे, आणि बत्तीसच्या वर गेलं तर पैसे देऊनही घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाची कंबर जाते. तिसरी बॅग आधी घेतली तर स्वस्त पडते, ऐन वेळी काउंटरवर घेतली तर जवळपास दुप्पट. “ज्याने तिकीट काढलंय त्याला सगळं पक्कं माहीत आहे,” तो म्हणाला.

तेच तर मला खुपतंय. ठमीला हिशेबाचं वावडं. हे डोकं तिचं नाही.

तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, “येशील तेव्हा बघू. पण आई, बॅगांचं कुणाला बोलू नकोस.” हल्ली ती फोनवर फार हळू बोलते. लाईन खराब असेल.

अक्का, राग मानू नकोस. जावई तुझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, स्थळ तू आणलंस, मुलगा हुशार, सगळं खरं. पण दोन वर्षांपूर्वी त्याने कुणाच्या तरी हाती तुझ्याकडे ‘खाऊचं’ खोकं पाठवलं होतं, त्यात सात मोबाईल निघाले होते की नाही? तूच सांगितलंस. आता सासू म्हातारी, केस पांढरे, विमानतळावर तिला कोण अडवणार? समोरच्या वकीलबाईंना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “बॅग ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. आत काय आहे ते माहीत नव्हतं, हे कुणी ऐकून घेत नाही.”

मी काय करणार आहे सांगू? बॅगा माझ्यासमोर भरायला लावणार आहे. वॉर्डात मी प्रत्येक उशी उचलून खाली बघत असे. जावयाची उशीही बघीन.

हे तुझ्यापाशीच ठेव. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ती. अक्कास,
नमस्कार.

सुखरूप पोचले. प्रवास छान झाला. घर मोठं आहे, चौथ्या मजल्यावर, समोर बसचा थांबा आणि एक न्हाव्याचं दुकान. जावईबापू स्वतः न्यायला आले होते. टॅक्सीत बसल्याबसल्या म्हणाले, “आई, परत जाताना तीन बॅगा म्हणे!” त्यांना सगळं कसं बारीकसारीक माहीत असतं याचं कौतुक वाटलं. ठमी म्हणाली, मीच तिच्याकडे पांघरुणं आणि भांडी मागितली होती. खरंच की, मागितली होती. वय झालं, विसरायला होतं.

आम्ही तिघांनी जाऊन चार पांघरुणं आणि जाड बुडाची पातेली आणली. जावईबापू कुठेही एकटं पाठवत नाहीत, फार काळजी घेतात. घराची किल्ली त्यांच्याकडेच असते, म्हणजे आमच्याकडून हरवायची भीती नाही. ते कामावर गेले की आम्ही दोघी निवांत घरात असतो.

ठमी थोडी बारीक झाली आहे. इकडची हवा. शिवणाचा नाद तिने सोडला. मशीनच्या आवाजाने जावईबापूंचं डोकं दुखतं, म्हणून ते माळ्यावर ठेवलं आहे. बरं झालं, डोळ्यांना विश्रांती.

हे पत्र जावईबापूच पोस्टात टाकणार आहेत. पाकीटही त्यांनीच आणून दिलं. तुला त्यांचा नमस्कार.

सर्व ठीक.

तुझी,
धाकटी


२९ एप्रिल

अक्का,

मला येऊन साडेतीन आठवडे झाले आणि मी तुला पत्र लिहिलं नाही, म्हणून तू शेजाऱ्यांकडून दोनदा निरोप धाडलास. आजारी नव्हते. मुद्दाम लिहिलं नाही. का, ते शेवटी सांगते.

त्या घरात पहिल्या दोन दिवसांत मला कळलं की काहीतरी बरोबर नाही. पण माझा संशय चुकीच्या वाटेने धावत होता. मी जावयाच्या कपाटात मोबाईल शोधत होते, अक्का! तो कामावर गेला की मी पलंगाखाली वाकून बघायची, आणि ठमी खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. “काय शोधतेस, आई?” “माझा चष्मा.” “डोळ्यांवर आहे.” असं आमचं चाललेलं. बाहेरून कुलूप असायचं. मी विचारलं, आग लागली तर? ती म्हणाली, “तो दर तासाला फोन करतो ना.” जणू फोनने आग विझते.

तरी मी तिला सरळ विचारलं नाही. वॉर्डात परक्या बायकांना विचारायची, अंगावरचा वण बघून, “खरं सांग, पडलीस का?” पोटच्या पोरीला विचारायला जीभ उचलली नाही. तिच्या अंगावर वण नव्हता. तेवढ्यावरच मी स्वतःची समजूत घालत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने बॅगा तोलल्या. हातात धरायचा वजनकाटा असतो ना, हुकाचा, तो आणला होता. प्रत्येक बॅग आधी उघडली, पातेल्यांच्या आत हात घालून बघितलं, पांघरुणं झटकली, मग बंद करून लटकवली. साडेबावीस, तेवीस, तेवीस. “आता एक रुमालही घालायचा नाही,” म्हणाला. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, आत काही वेडंवाकडं नाही, डोळ्यांदेखत भरलंय.

सकाळी तो टॅक्सी बघायला खाली उतरला. मी न्हाणीघरात होते. बाहेर चेन ओढल्याचा आवाज आला, काहीतरी जड फरशीवर टेकल्याचा आला, आणि पुन्हा चेन. बाहेर आले तर ठमी घामाघूम. तिसरी बॅग तिने कुणाला हात लावू दिली नाही. लिफ्टमधून स्वतः ओढत नेली, आणि टॅक्सीवाल्याने कण्हत डिकीत टाकली. तोवर जावई पुढे बसला होता.

विमानतळावर काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने पहिल्यांदा विचारलं, “या बॅगा तुम्ही स्वतः भरल्यात का? कुणी काही ठेवायला दिलंय का?”

मला वकीलबाई आठवल्या. तरी म्हटलं, “मीच भरल्या.”

पहिली गेली, दुसरी गेली. तिसरी पट्ट्यावर ठेवली आणि आकडा आला एकतीस.

“आठ किलो जास्त आहे,” मुलगी म्हणाली. “दुसऱ्या बॅगाही भरलेल्या आहेत, तिकडे हलवता येणार नाही. काही काढा, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरावे लागतील.”

“शक्यच नाही!” जावई म्हणाला. “काल मी स्वतः तोललीय. उघडा ती, आई. बघू काय आहे.” आणि वाकून त्याने चेनला हात घातला.

अक्का, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याने चोरून ठेवलंय, तो चारचौघांत उघडा म्हणेल का? म्हणजे आत जे होतं ते त्याचं नव्हतं. मी ठमीकडे बघितलं. ती ट्रॉलीचा दांडा धरून उभी होती, तोंड पांढरंफटक. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांची अशी तोंडं मी आयुष्यभर बघितली आहेत.

मी म्हटलं, “हात काढा. आत माझे आतले कपडे आहेत. सगळ्या रांगेसमोर पसरायचेत का सासूचे?”

मागे कुणीतरी हसलं. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पण हटला नाही. “आठ किलो कपडे? आणि पैसे काय झाडाला लागलेत? मी एक दमडी देणार नाही.”

“तुमच्याकडे मागितलेत कुणी?”

काउंटरवरच्या मुलीने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग मला विचारलं, “प्रवासी तुम्हीच ना? मग तुम्ही सांगाल तसं.” फार शांतपणे म्हणाली. तिला काही कळलं असेल का, कोण जाणे.

भरले पैसे. तू मला चिक्कू म्हणतेस, भाजीवाल्याशी आठ आण्यांवरून भांडते म्हणतेस. दोन महिन्यांची पेन्शन मी त्या खिडकीत मोजून दिली, आणि आत काय आहे हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. बॅग पट्ट्यावरून पडद्याआड गेली तेव्हा ठमीने श्वास सोडला. निरोप घेताना मला मिठी मारली. तो शेजारीच उभा होता.

घरी येऊन बॅग उघडली. दोन पांघरुणं काढून त्यांच्या जागी टॉवेलात गुंडाळलेलं शिवणाचं मशीन ठेवलं होतं. तिची मोठी कात्री, शिवणाच्या परीक्षेची प्रमाणपत्रं, थंडीतले बूट. बस. सहा वर्षांच्या संसारातलं तिला एवढंच न्यायचं होतं, आणि ते न्यायला तिने आधी आईला तिकीट काढून बोलावलं. दुसऱ्या कुणाच्या नावावर बॅग घेता येत नव्हती. तिसरी बॅग दूध आणायच्या पैशांतून वर्षभर मागे टाकून घेतली होती, हे नंतर कळलं. मी म्हटलं होतं ना, हे डोकं तिचं नाही? तिचंच होतं.

तीन-चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. खालच्या न्हाव्याचा फोन असावा, जावई आत केस कापायला बसला असताना मागून घेतलेला.

“आई, मशीन नीट पोचलं?”

“पोचलं. सुईसुद्धा मोडली नाही. तू कधी येतेस?”

ती रडं दाबून म्हणाली, “तू विचारशील असं वाटलं नव्हतं.”

विचारायला उशीर केला होता मी.

परवा ती आली. दाढ काढायची म्हणून तो तिला दंतवैद्याकडे घेऊन गेला होता. तो टॅक्सीचे पैसे द्यायला वळला तशी ती पुढच्या दाराने आत शिरली आणि मागच्या दाराने बाहेर पडून सरळ विमानतळावर. खांद्याला एक पर्स, त्यात पासपोर्ट. तिकीट मी आमच्या तिकीटवाल्याकडून आधीच काढून ठेवलं होतं. काउंटरवर विचारलं, सामान? म्हणाली, नाही. दोनदा विचारलं म्हणे.

काल जावयाचा फोन आला. आवाज अगदी मऊ. “आई, ती तुमच्याकडे आहे ना? आणि त्या बॅगेत काय होतं?” मी म्हटलं, “ती इथेच आहे. आणि बॅगेत तुमचं काही नव्हतं.” आणि फोन ठेवला.

आता तुझं माझं.

तीन बॅगांचं मी एकट्या तुला लिहिलं होतं, ‘तुझ्यापाशीच ठेव’ असं बजावून. मी पोचायच्या आत ते त्याच्या कानावर होतं. तू दिरांकडे सहज बोललीस की मुद्दाम, मला माहीत नाही. मुद्दाम बोललीस असं मी म्हणत नाही. नाही बोललीस असंही मला म्हणवत नाही. पोरीने आधीच वजनांचा सगळा विचार केला होता, पण तिच्या डावात तो काटा नव्हता. तो आपल्या दोघींमुळे आला. बॅग उघडली गेली असती तर आज ती त्या चौथ्या मजल्यावर कुलपाआड असती. म्हणून ती या घरात पाऊल टाकीपर्यंत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. साठ वर्षांत तुझ्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही.

तुझ्या घरची माणसं तुझ्याकडे येतील. खरं तेच सांग, लपवायचं काही उरलं नाही. ‘तिला समजावा’ असंही म्हणतील. ते ऐकून समजवायला म्हणून निघणार असशील तर येऊ नकोस, अक्का. मी दार उघडणार नाही. नुसती भाचीला भेटायला येणार असशील, तर गुडघा बरा नसला तरी ये. खाली दोन पोरं उभी करून तुला खुर्चीत बसवून वर आणीन.

आत मशीन चाललंय. वकीलबाईंच्या पडद्यांचं काम मिळालं आहे. आवाज बराच होतो, पण मी दार लोटलेलं नाही.

उत्तर लिहायच्या आधी दोन दिवस जाऊ दे. घाईने लिहू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
पण आधी तिची आई