लाल झालं म्हणजे तयार झालं

तीर्थस्वरूप लोटनमामा यांस,

भाग्येशचा पुण्याहून वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो. ऑफिसच्या खुर्चीला चाकं असल्याने ती मागे गेली आणि मी टेबलाखाली. नमस्कार पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? कौसामामीने दाढ काढली की अजून लवंगेवरच भागवते? पथारीवर वाळायला मिरची पडली का? फोन केला की तुम्ही "बरं" म्हणून ठेवता, म्हणून लिहायला बसलो.

भाऊबीजेला मी तुमच्या चेतनाला मागणी घातली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "नोकरी पक्की व्हवू दे, मंग चेतनाना इचार करसूत." तेव्हापासून मी पक्कं होण्याच्याच मागे आहे. (जिनिंग, सुरतचं साडीचं दुकान आणि हॉटेल ही सुटलेल्या नोकऱ्यांची यादी मामीसमोर काढू नये.) इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत मला चहापाण्याला घेतलं होतं. पण तपासणीचा मुलगा बंगळूरला पळाला, आणि आमच्या उमाकांत साहेबांना रिकामा माणूस बघवत नाही. त्यांनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. दहावीला दोनदा बसलो होतो, म्हणजे बसायची सवय होतीच.

आमची कंपनी एक सर्व्हर बनवते. तो सगळं डोक्यात ठेवतो, कागदावर काही उतरवत नाही. अगदी मामीसारखा. कुणाचं लग्न कुठे झालं, कोण रुसलं, विचारलं की उत्तर तयार. फरक एवढाच की वीज गेली की सर्व्हर सगळं विसरतो. मामी काहीच विसरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

त्याची तपासणी अशी: त्याला एक गोष्ट सांगायची आणि लगेच उलट विचारायची. प्रश्न एकदा लिहून ठेवले की बटण दाबल्यावर मशीनच मशीनला विचारत सुटतं, आपण पंचासारखं बसून राहायचं. जुन्यात बघून काही प्रश्न मीही लिहिले. लोटन कुठला? धानोऱ्याचा. एक प्रकार असा आहे की नाव सांगायचं, थोड्या वेळाने विसर म्हणायचं, आणि खरंच विसरला का ते बघायचं. तिथे आधी चेतनाचं नाव घातलं होतं, पण मन होईना. मग तुमचं घातलं. तपासणीपुरतंच, राग नसावा.

आता मुख्य भाग. प्रत्येक प्रश्नापुढे स्क्रीनवर एक ठिपका येतो, हिरवा नाहीतर लाल. साहेब एवढंच म्हणाले होते, "सगळं तयार झालं की मला सांग." कोणता रंग कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण नंदुरबारच्या माणसाने पुण्याच्या माणसाला हिरव्या-लालमधला फरक विचारावा हे बरं दिसेना. हिरवी मिरची म्हणजे कच्ची. लाल झाली की तोडायची, वाळवायची, गाडी भरायची.

रोज सगळं हिरवंगार यायचं. साहेब विचारायचे, "काय रे, देऊ का गिऱ्हाईकाला?" मी मान हलवायचो. "कच्चं आहे साहेब." (साहेब स्क्रीन बघत नाहीत, माणसाचं तोंड बघतात. त्यांचा तसा अभ्यास आहे.) मग सर्व्हर बनवणारी पोरं पुन्हा दुरुस्तीला बसायची. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "इतका कडक तपासणारा मला आजवर मिळाला नव्हता. याला पक्का करून टाकू." मी तेव्हाच कळवणार होतो, पण म्हटलं आधी माल गाडीत जाऊ दे.

दुरुस्त करकरून पोरांनी शेवटी सर्व्हर बिघडवला. एका दुपारी स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल झाली, पौषातल्या पथारीसारखी. माझे डोळे भरून आले. मी सांगितलं, "तयार!"

माल त्याच दिवशी गुजरातेतल्या एका बसवाल्याकडे गेला. प्रवासी पैसे भरेपर्यंत त्याची सीट लक्षात ठेवायची, एवढंच सर्व्हरचं काम. तो लगेच विसरू लागला. त्यामुळे खिडकीची एकच सीट मागेल त्याला मिळाली. बस सुटताना त्या सीटवर एक नवरदेव, एक वकील आणि बकरी घेतलेली एक बाई, प्रत्येकाजवळ खरं तिकीट. (बकरीला तिकीट नव्हतं, एवढाच मुद्दा आमच्या बाजूने आहे.)

साहेबांनी मला बोलावलं. "हे तुला तयार दिसलं?"

"पूर्ण," मी म्हटलं. "एकही हिरवं राहिलं नव्हतं."

साहेब उठून स्वतःच पाणी प्यायला गेले. (पाणी देणं आता कुणाचं काम, हे ठरायचं आहे.) जुना सर्व्हर परत चढवला, बस चालू झाली. बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार, दाढेला आराम पडो.

तुमचाच भाचा (सध्या एवढंच),
भाग्येश

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. लाल म्हणजे तयार असं जगात कुठेही नसतं, मी सबब काढतोय, असं साहेब म्हणतात. मी म्हटलं, आमच्या मामांची मिरचीची पथारी आहे, त्यांना विचारा. जबाबदार माणसाने सांगितलं तर ते मला ठेवणार आहेत, नाहीतर पहिल्या तारखेला सुट्टी. ते तुम्हाला फोन करतील. तुम्ही फक्त मिरचीबद्दल बोला, माझ्याबद्दल नको.

आणखी एक ता. क. हा नोकरी जाऊन घरी आला तर लग्नाचा विषयच मिटला, असं तुमच्या मनात येऊ शकतं, म्हणून लिहितो. त्या दुपारी "तयार" म्हणण्याआधी मी एका जाणकाराला फोन करून विचारलं होतं. उत्तर आलं, "सगळी लाल व्हयनी ना? मंग काय वाट दखी ऱ्हायना, येडा! भर गाडी!" साहेबांना त्या जाणकाराचं नाव हवं आहे. मी म्हटलं, तुम्ही तिच्या वडिलांशी बोलणारच आहात.