झाकणाशी आलेली गांडुळं

महाड
रविवार, सकाळ

प्रिय दर्शू,

काल फोनवर मी तुला सांगितलं की इथून पाठवलेल्या कॅनला रॉकेलचा वास लागलाय, त्यातलं पाणी पिऊ नकोस, मोरीत ओतून दे. तू हसलीस. म्हणालीस, आई, रॉकेल आता मिळतं तरी कुठे? खरंच की. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं फसतं. रॉकेल-बिकेल काही नाही. पण पाणी ओतलंस ना? तुझ्या सासूबाईंनी त्यातलं थोडं माठात काढून ठेवलं असेल तर तेही ओत, आणि तो माठ आता वापरू नका. आधी हे कर, मग पुढचं वाच. बाबा बाहेर बसले असतील, त्यांना बसू दे. पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय, कारण फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि मला हे आधी तुला एकटीला सांगायचंय.

सुरुवात गांडुळांपासून करावी लागेल. नाक मुरडू नकोस. तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही, परस नाही, अशा घरात मी ओट्याखाली गांडुळांचा टब ठेवला तेव्हा तूच त्यांना आईची उतारवयातली लेकरं म्हणाली होतीस. शाळेतली नोकरी संपली, तू सासरी गेलीस, कुणाच्या तरी खाण्यापिण्याची काळजी करायला हवी होती मला. झाकणाचा टब, तळाला भोकं, आत नारळाचा काथ्या, फाडलेले पेपर आणि शेण, त्यावर रोजची भाजीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची कुटलेली टरफलं. गांडुळं तुझ्या सासूबाईंनी कुडपणच्या शेतावरच्या शेणखड्ड्यातून आणली होती, ओल्या गोणपाटात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. म्हणाल्या, "इहीनबाय, ही माझी मानसं हायत, उपाशी ठेवू नका." डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून मी त्यात बोंबलाची चटणी भरून दिली. तेव्हापासून आपल्या दोन घरांमध्ये रिकामं भांडं कधी गेलं नाही. तिकडून नाचणी यायची, कारळे यायचे, इथून खत जायचं, आणि मग पाणी जायला लागलं.

पाण्याचं तुला ठाऊकच आहे. नगरपालिकेचं पाणी तासभर येतं, म्हणून गेल्या थंडीत सोसायटीने आवारात बोअर मारली. बाबा सेक्रेटरी, सगळी धावपळ त्यांची. पाणी लागलं तेव्हा ते चिखलात गुडघाभर उभे होते आणि पहिली ओंजळ त्यांनी प्यायली. वर आले तेव्हा डोळे भरलेले. त्यांचे आजोबा चवदार तळ्यावर ओंजळ भरायला गेलेल्या माणसांत होते, आणि डोकं फुटून घरी आले होते, हे या घरात कुणी मुद्दाम सांगत नाही, पण पाण्याचा विषय निघाला की ते आजोबा खोलीत येऊन बसतात. आपल्या घरच्या पाण्याला कुणी नाव ठेवलेलं बाबांना सहन होत नाही. तुझं साहिलशी ठरलं तेव्हा त्यांना धास्ती कशाची होती? हुंड्याची नव्हे, मानपानाची नव्हे. पोलादपूरची माणसं आपल्याकडे पाणी पितील का, याची. आणि तुझ्या सासूबाई दारातून आत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, स्वतःच्या हाताने तांब्या भरून घेतला, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता बोला काय बोलायचं ते." त्या दिवशी बाबांनी ती बाई मनात कुठे नेऊन ठेवली, ते मी पाहिलंय.

सुरुवातीला बोअरचं पाणी जरा खारट होतं, आठवतं? डाळ शिजत नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते हळूहळू गोड झालं. बाबा म्हणाले, बोअर मुरली. सगळी बिल्डिंग खूश. तू त्याच सुमारास आलीस, पोटात अन्न ठरत नव्हतं, पोलादपूरला पाणीसुद्धा उलटून पडायचं, आणि इथे आल्यावर तू एक पेला प्यायलीस, मग दुसरा. पडून राहिलीस नि म्हणालीस, आई, हे पाणी किती गोड लागतं. लोकांना चिंचेचे डोहाळे लागतात, तुला माहेरच्या पाण्याचे लागले. तू परत गेल्यावर बाबा दर आठवड्याला कॅन भरून एसटीत ठेवायला लागले. कंडक्टर ओळखीचा, स्टँडवर साहिल उतरवून घ्यायचा. सासूबाई तुला ओरडल्या नाहीत, उलट फोनवर मला म्हणाल्या, "पोरीला दुसरं कायच चालत नाय, पाठवत ऱ्हावा. मी पन एक भांडं घेते, गोडी हाय तुमच्या पान्याला." बाबांनी तो फोन स्वतःच्या कानाला लावून ऐकला होता.

गांडुळं त्याच सुमारास वर यायला लागली. झाकण उघडलं की आतल्या बाजूला चिकटलेली असायची, एकमेकांच्या अंगावर चढलेली. गांडूळ खाली जाणारा जीव, त्याला उजेडाचा तिटकारा, आणि ही उजेडाकडे येत होती. मला वाटलं उकाडा झाला असेल. मग वाटलं ओल जास्त झाली, म्हणून पेपर वाढवले. मग सोनालीवर संशय घेतला, शेजारची सोनाली, तिने लिंबाची सालं टाकली असतील म्हणून. बिचारीला बोल लावला. सकाळी ओट्याखाली फरशीवर काही सुकून पडलेली मिळायची. टबात हात घातला तर अंगावर मण्यांसारख्या गाठी आलेली, बोट लावताच तुटणारी गांडुळं. वास यायला लागला, कुजल्याचा नव्हे, गोडसर. मी टब धुतला, नवा काथ्या घातला, सासूबाईंकडून पुन्हा गांडुळं मागवली. तीही वर आली.

पावसाळ्यात बोअरची मोटर जळली. सोसायटीची भांडणं झाली, पैसे कुणी काढायचे यावरून, आणि तेवढे दिवस आम्ही नळाच्या पाण्यावर काढले. गांडुळं खाली गेली, दर्शू. उरली होती तेवढी सगळी. काथ्यात मोहरीएवढी अंडीही दिसली. मी खूश होऊन तुला फोटो पाठवला होता, तू अंगठा पाठवलास. मग मोटर दुरुस्त झाली, मी नेहमीसारखं तांब्याने पाणी शिंपडलं आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा झाकणाशी होती. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं, तेव्हा पुढे काय करायचं ते कळत होतं, फक्त करावंसं वाटत नव्हतं. दोन डबे घेतले. तोच काथ्या, तीच दुधीची सालं. एकावर नळाचं पाणी, एकावर बोअरचं. बोअरच्या डब्यातली मेली. मग आपल्या फिल्टरमधून काढलेलं बोअरचं पाणी घालून पाहिलं. तीही मेली. माझी चूक होतेय असं वाटून पुन्हा सगळं केलं. दर वेळी नळाचा डबा जिवंत. बोअरच्या डब्याचं झाकण मी शेवटी शेवटी डोळे मिटून उघडायची.

बाबांना सांगितलं तर चिडले. गांडुळं काय डॉक्टर आहेत का, म्हणाले. आख्खी बिल्डिंग पितेय, कुणाला काय झालं? आणि मग तेच बोलले जे मला माहीत होतं ते बोलणार. "आपलं पाणी वाईट आहे असं मी पोलादपूरला कोणत्या तोंडाने सांगू?" मी उठले. दोन्ही डबे त्यांच्यापुढे ठेवले आणि झाकणं काढली. त्यांनी दोन्ही डब्यांत बोट घालून पाहिलं. मग चप्पल घालून खाली गेले आणि मोटरचा फ्यूज काढून खिशात घालून आले. आता बिल्डिंगमधले लोक दारात येऊन भांडतात, ते फ्यूज देत नाहीत. काल वॉचमन हळूच सांगून गेला की मागच्या पडीक जागेतला खड्डा उन्हाळ्यात कुणी तरी भरून घेतला, निळी पिंपं होती, वर मुरूम टाकला. कुणाची पिंपं, त्यात काय होतं, तो सांगत नाही, किंवा त्याला माहीत नाही. पावसात तिथली माती खचलीय आणि तिथे गवत उगवलेलं नाही. पाणी तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. कदाचित त्यात काही निघणार नाही. निघालं नाही तर माझ्या वेडेपणावर आपण सगळे हसू, मी सगळ्यात आधी हसेन. पण रिपोर्टची वाट बघत मी तुला ते पाणी पिऊ देणार नाही, आणि त्या पोटातल्या जिवाला तर नाहीच.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही तुला न्यायला येणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी तुला वचन दिलं होतं, पाळण्याची दोरीसुद्धा बदलून ठेवलीय. तू इकडे येऊ नकोस, राणी. बाळ तिकडेच होऊ दे, मी तुझ्याकडे येऊन राहीन, सासूबाईंच्या हाताखाली पडेल ते काम करीन. त्यांना खरं काय ते तू सांग, त्याही प्यायल्यात, त्यांचंही रक्त तपासायला हवं. त्या आपल्याला काही बोलणार नाहीत असं मला वाटतं. वाटतं एवढंच, खात्री कशाची देऊ?

आता राहिलं ते. बाबांना वाटतंय, ते तुला पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला आलेत. तसंच वाटू दे. तुझी तपासणी करायचीच आहे, सगळी, डॉक्टरांना पाण्याचं सांगून. पण हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही, आणि मी ते फक्त तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. त्यांच्या पायांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं हल्ली मी लावते, सही करताना हात कापतो म्हणून बँकेत जायचं टाळतात. उन्हाळ्यात सगळ्यांनी ते पाणी कौतुकाने प्यायलं, पण मोटर दुरुस्त झाल्यावर, मी पहिल्यांदा शंका बोलून दाखवल्यावरसुद्धा, दुरुस्तीच्या पैशांवरून कुरकुरणाऱ्यांसमोर हे मुद्दाम तांब्या तोंडाला लावत राहिले, आपलं पाणी चांगलं आहे हे दाखवायला. स्वतःसाठी ते डॉक्टरांकडे येणार नाहीत. तुला एकटीला भीती वाटते असं सांग, माझ्याबरोबर तुम्हीही रक्त द्या म्हण. तुझं ऐकतील. आज पहिल्यांदा ते तुझ्या दारात रिकाम्या हाताने आलेत, आणि महाडहून निघताना पाण्याची बाटलीसुद्धा घेऊन निघालेले नाहीत. घसा कोरडा पडला असेल, पण मागणार नाहीत. उठ, त्यांना तुमच्या घरचं पाणी दे. पेला अर्धाच भर, त्यांच्या हातून सांडतो, आणि सांडलं तर तू पाहिलंस असं दाखवू नकोस.

तुझीच,
आई