पेट्रोलमधलं तेल

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. बुवापाड्याच्या सावंतांच्या सायकलला मी बसवलेलं इंजिन आज वळणापलीकडूनच ऐकू आलं. कोरडं, खणखणत होतं. स्पीड वाढावा म्हणून माझ्या मेव्हण्याने पेट्रोलमधलं तेल निम्मं केलेलं.

"दाजी, धूर बंद. सायकल उडतेय बघा."

"तेल कमी पडून पिस्टन जाम झाला की चाक अडकेल, मग सावंत उडतील."

सावंत हसले. हसण्यासारखं काय होतं? तो खणखणाट अजून कानात आहे. टाकी तिथेच रिकामी केली. मेव्हण्याला चारचौघांत झापलं.

खरं तर सायलेन्सरमधली काजळी काढली असती तरी स्पीड आला असता. सावंत आठवडाभर तेच सांगत होते. उद्या, उद्या म्हणत मीच टाळलं, म्हणून ते मेव्हण्याकडे गेले. हे मात्र मी चारचौघांत बोललो नाही.