एकतीस गुणांची प्रोसिजर

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून राग बंद. किसनरावांच्या विवाह मंडळाचा जुना डेटा नव्या सर्व्हरवर न्यायचं काम मिळालं. रविवारी बुलढाण्यात परिचय मेळावा. जन्मतारखा सगळ्या सहा आकड्यांत चिकटवलेल्या. त्या सुटल्याशिवाय गुण जुळत नाहीत. सोबत संजीवनी. ती बीसीए पूर्ण. मी दुसऱ्या वर्षी सोडलं, कॉलेजकडे मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

३ फेब्रुवारी
संजीवनी म्हणे, तारखेसाठी छोटं फंक्शन लिहू. आकडे दिले की तारीख सांगते, बाकी कशाले हात लावत नाही. मी म्हटलं, स्टोअर्ड प्रोसिजरच. ती तारीख बदलते, गुण जुळवते, शिवाय कोणाची जुळणी कोणाशी लावली ते लॉगमध्ये लिहून ठेवते. फंक्शनला आमच्या सर्व्हरवर असं लिहिताच येत नाही. आवाज थोडा चढला. किसनराव म्हणाले, हरिओम, भांडणं लग्नानंतर करा लागते बे. संजीवनी हसली. नोंद घेतली.

४ फेब्रुवारी, दुपार
प्रोसिजर तयार. पहिले दोन आकडे दिवस, मधले महिना. संजीवनी म्हणे, जुन्या प्रोग्राममधी महिना आधी असू शकते, पाहून तर घे. काऊन पाहू? सव्वाशे जणांचा महिना बाराच्या वर निघाला. घरच्यांनीच चुकीचं सांगितलं असणार. लोकांना स्वतःच्या पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत.

५ फेब्रुवारी
टेस्टिंग. यादीत संजीवनीचा बायोडाटा सापडला, तिच्या बाबांनी भरलेला. माझाही टाकला. जुळणी लावली. छत्तीसपैकी एकतीस. पुन्हा लावली. एकतीस. दिवसभर खात्री करत राहिलो. प्रोसिजर अचूक आहे. रविवारी तिच्या बाबांशी बोलायचं. निळा शर्ट इस्त्रीला.

७ फेब्रुवारी, शनिवार
देऊळघाटचे उकंडराव कागद घेऊन आले. त्यांची पोरगी दिवाळीतली, आमच्या कागदावर भर मे महिन्यातली. म्हणे, माह्या पोरीच्या जन्माले मी होतो का तू? राग बंद असल्यामुळे फक्त दार आपटून चहाला गेलो. परत येईपर्यंत संजीवनीने फंक्शन लिहिलेलं. महिना आधी, दिवस नंतर. दहा ओळी. सव्वाशेच्या सव्वाशे तारखा सरळ. ठीक आहे. पाया माझाच.

८ फेब्रुवारी, रविवार
निळा शर्ट घातला. हॉलमध्ये लोक बसायला लागलेले. किसनराव म्हणाले, चुकीच्या तारखेवर कोणाकोणाची जुळणी लावली गेली ते काढा, त्यायले इथंच सांगून टाकू. संजीवनीने लॉग उघडला. लॅपटॉप मोठ्या पडद्याला मीच जोडून ठेवला होता. उकंडरावांची पोरगी, एकदा. खाली हरिओम–संजीवनी. हरिओम–संजीवनी. सतरा वेळा, वेळेसकट. किसनरावांनी चष्मा काढून पुसला. तिने खऱ्या तारखा घालून एकदा लावून पाहिली. नऊ. मग हळूच म्हणे, फंक्शननं पाह्यलं असतं तर कोणाले कळलंही नसतं.
पहिल्या रांगेतले गृहस्थ पडद्याकडे पाहत उठले. तिचे बाबा. मलाच विचारलं, हा हरिओम कोण हाय बाप्पा?
म्हटलं, तो आज आला नाही.